रणदिवेंनी कीगन मरेला जास्त पैसे मोजले का?

यावेळी बास्केटबॉलवर बरीच पत्रं आली आणि सगळ्यांचा सूर एकच, सॅक्रामेंटो किंग्जचा कीगन मरे अजून पंचविशीत, स्टार म्हणावा असा नाही, मग इतके पैसे कसे. म्हणून बाकीचे खेळ पुढच्या अंकात, आज फक्त एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि तिथले पैसे.

प्रश्न: दादा, मी २०१९ ला वरळीच्या डोममधे किंग्ज-पेसर्स मॅच बघितली आणि तेव्हापासून सॅक्रामेंटोचा फॅन आहे (हसू नका). ऑक्टोबर २०२५ मधे आपल्या किंग्जमालक विवेक रणदिवेंच्या टीमने कीगन मरेला ५ वर्षांसाठी १४० मिलियन डॉलरचं एक्स्टेन्शन (जुना करार संपायच्या आधीच पुढचा करार) दिलं. २०२४-२५ चा सीझन बघाल तर मॅचमागे १२.४ पॉइंट आणि थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) पडतात ३४ टक्के. ग्रुपवर रोज मारामारी चालू आहे, अर्धे म्हणतात मालक येडे झालेत, अर्धे म्हणतात आता रेटच हा आहे. तुमच्या मते फेअर आकडा किती?
– एक किंग्ज फॅन, डोंबिवली

उत्तर: माझा आकडा आधी सांगून टाकतो म्हणजे नंतर पळायला जागा नको. १२५. म्हणजे १५ मिलियन जास्त गेले, वर्षाला ३. येडेपणा नाही पण घासाघीस कमी पडली.

आता कसा आला हा आकडा. पहिली गोष्ट, तुमचा ग्रुप १२.४ पॉइंटवर भांडतोय तिथेच गाडी चुकली. एक्स्टेन्शन झालेल्या सीझनचं बक्षीस नसतं. हे पैसे २०२६-२७ पासून सुरू होतात आणि २०३०-३१ ला संपतात, म्हणजे मरे २६ चा असेल तिथपासून ३० चा होईल तिथपर्यंत. बास्केटबॉलपटूची ही बहुतेक सगळ्यात चांगली वर्षं. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा की त्या पाच वर्षांत हा काय देईल आणि तेव्हा सॅलरी कॅप कितीवर गेलेली असेल. दुसरा भाग लोक विसरतातच.

कॅप म्हणजे टीमने पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा. २०२५-२६ ची कॅप १५४.६ मिलियन. टीव्हीचं नवीन डील ११ वर्षांचं ७६ बिलियनचं आहे, त्यामुळे कॅप वाढतच जाणार, फक्त एका वर्षात १० टक्क्यांच्या वर वाढू देत नाहीत. का, तर २०१६ ला एका झटक्यात ७० ची ९४ झाली आणि लेकर्सनी मोझगोव नावाच्या साध्याच खेळाडूला ४ वर्षांचे ६४ मिलियन देऊन टाकले, ते अजून कोणी विसरलं नाहीये. मी वर्षाला ७ टक्के वाढ धरतो. मग २०२६-२७ ला कॅप होते साधारण १६५.५ आणि २०३०-३१ ला जवळपास २१७. मरेचे दरवर्षी सारखे २८ धरले तर पहिल्या वर्षी कॅपच्या १७ टक्के आणि शेवटच्या वर्षी १३. मधल्या वर्षी १५ च्या आसपास. एखादी टीम आपल्या तिसऱ्या, फार तर दुसऱ्या नंबरच्या खेळाडूला एवढा वाटा देतेच.

मग मरे तिसऱ्या नंबरचा खेळाडू आहे का? इथे खरं भांडण आहे. रुकी म्हणजे पहिल्याच सीझनमधे २०६ थ्री मारले, तो रुकींचा रेकॉर्ड होता, आणि त्याच वर्षी किंग्ज १६ वर्षांनी प्लेऑफला पोचले. डिसेंबर २०२३ मधे युटाविरुद्ध एका मॅचमधे १२ थ्री आणि ४७ पॉइंट. त्या सीझनला ॲव्हरेज १५.२, आणि पुढच्या सीझनला घसरून १२.४. घसरण त्याची की टीमची हे बघायला हवं. कोच माइक ब्राऊनला सीझनच्या मधेच काढलं, टीमचा मुख्य खेळाडू फॉक्स फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला गेला, लाव्हीन आला, डीरोझन होताच, बॉल सगळ्यांनाच हवा आणि मरे कोपऱ्यात हात वर करून उभा. वर समोरच्या टीमचा सगळ्यात डेंजर माणूस अडवायचं काम पण त्याच्याच गळ्यात. सहा फूट आठ इंच उंची, थ्री मारतो, गार्डच्या मागे धावतो आणि बॉल मिळाला नाही म्हणून तोंड फुगवत नाही, असा माणूस बाजारात सहज मिळत नाही हो.

पण थ्रीचं प्रमाण बघा, रुकी सीझनला ४१ टक्के, मग ३६, मग ३४. जो माणूस मुख्यतः शूटर म्हणून आला त्याचं हे वरून खाली येणं मला खुपतं. आणि वयाचं पण आहे. मरेच्याच ड्राफ्टमधला (नवीन पोरं टीममधे वाटायची दरवर्षीची निवड) जबारी स्मिथ ज्युनियर तिसऱ्या नंबरवर गेला, मरे चौथ्या, पण जबारी जवळजवळ तीन वर्षांनी लहान. त्याला ह्यूस्टनने ५ वर्षांचे १२२ दिले. डेन्व्हरने ख्रिश्चन ब्राऊनला ५ वर्षांचे १२५ दिले. अटलांटाने डायसन डॅनियल्सला ४ वर्षांचे १०० दिले आणि त्याने तर आधीच्या सीझनला २२९ स्टील केले होते, म्हणजे तेवढ्या वेळा बॉल हिसकावला होता, मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेयर होता. पोर्टलंडचा शेडन शार्प मॅचमागे १८.५ पॉइंट करत होता तरी त्याला ४ वर्षांचे ९०, कारण डिफेन्स कच्चा. सगळे एकाच ड्राफ्टचे, सगळ्यांचं वर्षाला २२ ते २५ च्या मधे कुठेतरी बसतंय आणि मरे एकटाच २८ ला.

ते वरचे ३ कशाचे? माझ्या मते भीतीचे. फॉक्सने एक्स्टेन्शन घेतलं नाही आणि शेवटी त्याला ट्रेड करावा, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या टीमला द्यावा लागला. स्वतः ड्राफ्ट केलेला एवढाच एक मोठा पोरगा हातात उरला होता, तो पण गेला असता तर सॅक्रामेंटोत लोकांनी रणदिवेंना काय काय ऐकवलं असतं. त्यात सही व्हायच्या जरा आधी प्री-सीझनमधे मरेच्या अंगठ्याला दुखापत झाली, ऑपरेशन. अशा वेळी टीमने भाव थोडा पाडायला हवा होता, घाई खरं तर पोराला असायला हवी होती. पाडला नाही. तिथे मी तुमच्या 'येडे झालेत' पार्टीत आहे, पण तीन मिलियनपुरताच.

प्रश्न: २८ मिलियन म्हणजे वर्षाला जवळपास २४६ कोटी रुपये, ८८ चा भाव धरून. आपल्या ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले तर देशभर चर्चा. हे अमेरिकेतले पैसे बघून आपल्या क्रिकेटपटूंची दया येते. एवढा फरक कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दया नका येऊ देऊ, ते बरे आहेत. रुपये-डॉलर बाजूला ठेवा आणि टक्के बघा. २०२५ च्या आयपीएलला टीमची पर्स १२० कोटी. पंतचे २७ म्हणजे २२.५ टक्के. आपल्या पुण्याच्या ऋतुराजला चेन्नईने १८ कोटीत रिटेन केलं, ते झाले १५ टक्के. आणि मरेचं मधल्या वर्षाचं मी वर काढलं ते पण १५ च्या आसपास! म्हणजे स्वतःच्या टीमच्या थाळीतला वाटा बघितला तर ऋतुराज आणि कीगन मरे एकाच ओळीत बसलेत, थाळीचा आकार तेवढा वेगळा.

आकार का वेगळा, तर आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे मीडिया राइट्स ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,७०० कोटी. एनबीएचं ७६ बिलियन भागिले ११ केलं की वर्षाला ६०,००० कोटींच्या वर जातं. त्यात तिकडे खेळाडूंची युनियन आहे आणि लीगच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा हे करारातच लिहिलेलं आहे. आयपीएलमधे पर्स किती ते बोर्ड ठरवतं. खेळाडू मान डोलावतात.

प्रश्न: सर, पेपरात येतं '५ वर्षं २३९ मिलियन, २८७ पर्यंत जाऊ शकतं'. हे 'पर्यंत' काय असतं? आकडा एक का नाही?
– कॉलेजची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: छान प्रश्न आणि याचं गणित अगदी सोपं आहे. एनबीएत सहा वर्षांपर्यंतचा अनुभव असेल तर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त कॅपच्या २५ टक्के पगार मिळतो. पुढे दरवर्षी ८ टक्के वाढ, पण ती पहिल्या वर्षाच्या पगारावर, चक्रवाढ नाही. म्हणून पाच वर्षांची बेरीज म्हणजे पहिल्या वर्षाचा पगार गुणिले ५.८. कॅप १६५.५ धरा, २५ टक्के ४१.४, गुणिले ५.८ करा, २४० च्या जवळ येतं की नाही? तेच ते २३९. कॅप नेमकी किती होईल ते आधी माहीत नसतं म्हणून एखादा मिलियन इकडे तिकडे.

'पर्यंत' हा डेरिक रोझचा आशीर्वाद. तो शिकागोचा खेळाडू २०११ ला अगदी कोवळ्या वयात एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला, म्हणून नियम आला की तरुण खेळाडूने एमव्हीपी, डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर किंवा ऑल-एनबीए टीम (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) असं काही मिळवलं तर २५ ऐवजी ३० टक्क्यांपर्यंत. पाओलो बँकेरो आणि जेलन विल्यम्सचं २८७ हे त्यातूनच आलं. आणि हे नुसतं कागदावर राहत नाही. क्लीव्हलंडचा एव्हन मोबली २०२५ ला डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला आणि त्याचे २२४ चे २६९ झाले, केड कनिंगहॅम ऑल-एनबीए थर्ड टीममधे आला आणि त्याचंही तसंच. एका वोटिंगवर ४५ मिलियन! वोट देणारे मात्र पत्रकार असतात, आणि एवढा पैसा आमच्या जातीच्या हातात असू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्रश्न: मरेच्याच ड्राफ्टमधल्या जेडन आयव्ही, मॅथुरिन, केसलर यांना एक्स्टेन्शन मिळालंच नाही. ऑफर आवडली नाही तर थांबण्यात शहाणपणा आहे का? मी आयटीत आहे, आमच्याकडे तर दुसरी ऑफर हातात घेऊनच एचआरकडे जातात.
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर: तुमच्याकडे नोटीस पिरियड संपला की तुम्ही मोकळे. इथे तसं नाही ना. चार वर्षांचा रुकी करार संपला की खेळाडू होतो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्या टीमने ऑफर शीट दिली तरी जुनी टीम तेवढेच पैसे मॅच करून त्याला ठेवून घेऊ शकते. मग दुसरी टीम म्हणते आम्ही कशाला आमची कॅप अडकवून बसू, शेवटी हा तिथेच राहणार. २०२२ ला इंडियानाने डीआंद्रे एटनला ४ वर्षांची १३३ मिलियनची शीट दिली आणि फिनिक्सने लगेच मॅच केली, इंडियानाच्या हाती काही नाही.

थांबून जिंकलेला माणूस म्हणजे जिमी बटलर. २०१४ ला शिकागोचे साधारण ४४ मिलियन नाकारले, त्या सीझनला २० चं ॲव्हरेज काढलं, मोस्ट इम्प्रूव्ह्ड झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात ५ वर्षांचे ९० च्या वर घेतले. त्याची गोष्ट प्रत्येक एजंट सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्याची कोणी सांगत नाही. तेव्हा ब्रुकलिन सोडलं तर कोणाकडेच म्हणावी तेवढी रिकामी कॅप नव्हती, आणि जोनाथन कुमिंगा, जॉश गिडी, कॅम थॉमस, क्वेंटिन ग्राइम्स असे चौघं जुलै गेला, ऑगस्ट गेला, तरी सहीविना लटकलेले. गिडीला सप्टेंबरमधे शिकागोने ४ वर्षांचे १०० दिले, तो सुटला. थॉमसने जुन्या टीमची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर घेतली, ६ मिलियनच्या आसपास. कुमिंगाचं कॅम्प सुरू व्हायच्या तोंडावर मिटलं, २ वर्षांचे ४८.५, आणि दुसरं वर्ष ठेवायचं की नाही ते टीमच्या मर्जीवर. कुमिंगा २०२१ च्या ड्राफ्टमधे सातवा होता. त्याच ड्राफ्टमधे विसावा गेलेला जेलन जॉन्सन २०२४ च्या ऑक्टोबरमधे अटलांटाशी ५ वर्षांचे १५० करून मोकळा झाला होता.

त्यामुळे माझं मत विचाराल तर पुढच्या उन्हाळ्यात किती टीमकडे रिकामी कॅप असणार ते आधी मोजायचं आणि मगच नाही म्हणायचं. स्वतःवर विश्वास वगैरे ठीक आहे पण समोर गिऱ्हाईकच नसेल तर विश्वास विकायचा कोणाला. बटलरच्या वेळी पुढे टीव्हीचा पैसा येणार हे सगळ्यांना दिसत होतं, ती गोष्ट त्याच्या धाडसाच्या कथेत कोणी घालत नाही.

प्रश्न: फिलाडेल्फियाने टायरीस मॅक्सीला २०२३ ला एक्स्टेन्शन दिलं नाही आणि वर्षभराने मॅक्स (नियमात बसेल तेवढा जास्तीत जास्त पगार) दिलं. आधीच दिलं असतं तर स्वस्तात पडला नसता?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: पडला असता, पण त्यांना स्वस्त मॅक्सी नको होता, जागा हवी होती. कसं ते सांगतो. एक्स्टेन्शन झालं असतं तर २०२४ च्या उन्हाळ्यात मॅक्सीचा नवा पगार थेट कॅपवर बसला असता, मॅक्स धरला तर ३५ मिलियन. सही केली नाही म्हणून त्याच्या नावावर फक्त कॅप होल्ड राहिला, म्हणजे जागा अडवून ठेवणारा कागदावरचा आकडा, आणि तो होता साधारण १३. मधले २२ मिलियन वाचले, त्यांच्या मदतीने फिलाडेल्फियाने आधी पॉल जॉर्जला ४ वर्षांच्या २१२ वर आत घेतलं, आणि मग मॅक्सीला ५ वर्षांचे २०४ देऊन टाकले, कारण स्वतःच्या खेळाडूला कॅपच्या वर जाऊन पण सही करता येते.

यात मॅक्सीने शब्दावर वर्षभर विश्वास ठेवला हे लक्षात घ्या, मधे गुडघा गेला असता तर? तो उलट ऑल-स्टार झाला, मोस्ट इम्प्रूव्ह्ड झाला. डोकेबाज प्लॅन, शंकाच नाही. आणि मग त्या पहिल्या सीझनला जॉर्ज ४१ मॅच खेळला आणि टीम २४ जिंकली, ५८ हरली.

प्रश्न: मी फ्रीमॉण्टला राहते, ऑफिसमधले जुने गोल्डन स्टेट वॉरियर्सचे फॅन सांगतात की स्टीफन करीचं ४४ मिलियनचं एक्स्टेन्शन म्हणजे इतिहासातली सगळ्यात मोठी लूट. त्याच्यावर तेव्हा अन्याय झाला होता का?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: नाही हो, अन्याय कसला. ऑक्टोबर २०१२ चा करी डोळ्यासमोर आणा. आधीच्या सीझनला ६६ पैकी २६ मॅच खेळलेला, घोटा सारखा दुखावलेला, ऑपरेशन झालेलं. तेव्हा ४ वर्षांचे ४४ ऐकून काही लोकांनी वॉरियर्सनाच वेड्यात काढलं होतं. त्याला सुरक्षितता हवी होती, टीमने घोट्याची रिस्क घेतली. नंतर तो दोनदा एमव्हीपी झाला, दुसऱ्यांदा तर एकमताने, आणि कॅप ९४ वर गेली तेव्हा त्याचा पगार १२.१, म्हणूनच २०१६ ला केविन ड्युरंटसारख्या स्टारला घ्यायला जागा झाली.

गंमत बघा, करीचा तो करार कॅपच्या १७ टक्क्यांवर सुरू झाला आणि १३ वर संपला. मरेचा माझ्या हिशेबाने तेवढाच, १७ ते १३. डोंबिवलीवाल्यांनी हे ग्रुपवर टाकू नये, अनर्थ होईल.

प्रश्न: १४० मधले हातात किती येतात? मुलगा विचारतोय, वय ११.
– एक आई, ठाणे

उत्तर: कॅलिफोर्नियात खेळणाऱ्याला निम्म्याच्या आसपास. केंद्राचा टॅक्स वरच्या टप्प्याला ३७ टक्के, राज्याचा १३.३, एजंटला जास्तीत जास्त ४, शिवाय १० टक्के एस्क्रोमधे, म्हणजे राखून ठेवलेल्या खात्यात अडकतात, ते हिशेब झाल्यावर थोडेफार परत येतात. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण तिथल्या खेळाडूला पण कॅलिफोर्नियात मॅच खेळली की त्या दिवसांचा टॅक्स इकडे भरावा लागतो. मुलाला सांगा आधी डाव्या हाताने लेअप मार.

प्रश्न: मरेला आता किंग्ज ट्रेड करू शकतात का? अफवा चालू आहेत.
– तोच डोंबिवलीवाला, दुसरं पत्र

उत्तर: करू शकतात, पण हिशेब जुळायला कठीण. रुकी एक्स्टेन्शन झालं की ते सुरू होईपर्यंत एक विचित्र नियम लागतो, त्याला तिकडे पॉयझन पिल म्हणतात. किंग्जच्या बाजूने मरेचा पगार चालू वर्षाचाच मोजतात, साधारण ११ मिलियन, आणि घेणाऱ्या टीमच्या बाजूने जुनं एक वर्ष आणि नवीन पाच यांचं ॲव्हरेज, म्हणजे १५१ भागिले ६, २५ च्या वर. एक देतोय ११, दुसऱ्याला पडतोय २५, आणि दोन्हीकडे कॅपचे नियम पाळायचे. १ जुलै २०२६ नंतर हे लागू नाही, तेव्हा अफवा आली तर जरूर लिहा.